मदत हवी आहे: मालकाला सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कसा द्यायचा?

आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहोत, बहुतेक बायकाच. वर पत्रा, एक्झॉस्ट बंद. दुपारपर्यंत तूस बसून पदर पांढरा होतो. बाथरूमला कडी नाही, एकीला दारात राखण उभं राहावं लागतं. हवा, पाणी, स्वच्छतागृह मालकानंच द्यायचं, हे 1948 च्या कारखाना कायद्यापासून आहे. पण तोंडी सांगितलं की उत्तर ठरलेलं, "जमत नसेल तर घरी बसा."

पहिली सही करायला कुणी धजत नाही (पीसवर काम, बोलणार कोण!), म्हणून सह्या गोलात घेतल्या तर चालतील का? अंगठा चालतो ना? आधी मालकाकडून पोच घ्यावी, की प्रत थेट औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी? कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर पाठवा. उन्हाळ्याआधी द्यायचाय.