हजेरीपटावरच्या मुली (अनुभव धागा)

रानजाई
बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि मागच्या आठवड्यात त्यांची पत्र्याची पेटी उघडली. वर सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्स, पेन्शनचे कागद, आणि तळाशी सुतळीने बांधलेली एक वही. उपस्थिती भत्ता वाटपाची कार्बन कॉपी, साल १९९४-९५. नाव, हजर दिवस, रक्कम, सही/अंगठा. सह्या दोनच. बाकी सगळे जांभळ्या शाईचे अंगठे, त्यातले काही इतके चिमुकले की मुलीनेच उठवले असणार.

माहीत नसलेल्यांसाठी : १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला १ रुपया भत्ता मिळू लागला. वर्षाला जास्तीत जास्त २२०. बाबा मोखाड्याकडच्या एका वाडीवर (तेव्हा जिल्हा ठाणे) दुशिक्षकी शाळेत हेडमास्तर होते. दुसरे गुरुजी कायम ‘रजेवर’. मीही चौथीपर्यंत तिथेच.

वहीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव सापडलं. कातकऱ्यांची. धाकट्या भावाला काखेत घेऊन यायची, तो रडला की बाहेर जाऊन बसायची आणि खिडकीतून फळा बघायची. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडावर परत. हे मला पक्कं आठवतं, कारण ती गेली की तिच्या जागेवर मी माझं दप्तर ठेवायचे.

वहीत मात्र ती जानेवारीत २४ दिवस हजर, फेब्रुवारीत २२. बाबांच्या वळणदार अक्षरात.

का केलं असेल त्यांनी? तिचं नाव कटू नये म्हणून? रुपया मिळावा म्हणून? की पट घसरला तर दुसरं पद जाईल म्हणून? आईला विचारलं तर म्हणाली, “तुझे बाबा देवमाणूस होते, पेटी बंद कर.”

तुमच्या वर्गातून अशा कोण गळाल्या? स्वतः गळाला असाल तर तेही लिहा. शिक्षक असाल तर टेबलामागून काय दिसलं ते.

गुर्जीबुवा
सर्रास चालायचं. ‘सतत गैरहजर’ असा लाल शेरा मारला की पोर कागदावरूनही गेली, म्हणून हात अडखळायचा. तुमच्या तिन्ही कारणांत थोडं थोडं खरं असेल. वीस वर्षं हेच केलंय, खोटं कशाला बोलू.

आता सरल (मुलांची ऑनलाइन नोंद) आलं, आधार आलं, पण पोटातला गोळा तोच. पट २० च्या खाली गेला की शाळा बंदच्या यादीत. २०२३ ला राज्यात अशा १४ हजारांवर शाळा होत्या. त्याच वर्षी समूह शाळांचं (आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी) पत्र निघालं तेव्हा तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले देऊन प्रस्ताव मागवले होते. पोरांना गाडी देणार म्हणे. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात बैल चढत नाही.

दुधीभोपळा
रानजाई, रडवलंस. सविस्तर नंतर लिहिते, लेकीची चाचणी आहे उद्या आणि भूगोलाचं पुस्तक शाळेत राहिलंय.

सूर्याकाठ
मी त्या वहीतली असू शकले असते. शाळा वेगळी, बाकी सगळं तेच.

बयाणा बाप घ्यायचा, गणपतीच्या आसपास. मग दिवाळीनंतर टेम्पो यायचा. भट्टीवर मोठी माणसं रात्री दोनला उठून चिखलात उतरायची, थापायची. पोरांचं काम उन्हं आली की विटा पलटायच्या. ओली वीट उभी करताना कड मोडली तर ती मोजणीत धरत नाहीत, म्हणून पोरांचीच बोटं बरी पडतात. माझ्या बोटांना अजून सवय आहे, साबणाची वडीसुद्धा मी उभी ठेवते.

माझीही हजेरी पूर्ण भरलेली होती. पाचवीला आश्रमशाळेत नाव घातलं. बाईंनी फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं आणि वाच म्हणाल्या. मला क येत नव्हता. बाईंनी दाखला बघितला, चौथी पास. म्हणाल्या, “चार वर्षं काय झोपली होतीस?” सगळा वर्ग हसला. मीपण हसले, कारण काय करायचं ते कळेना.

तुमच्या बाबांना वाईट म्हणत नाही. पण हजर लिहिलं म्हणून मला शोधायला कोणी भट्टीवर आलं नाही. गैरहजर लिहिलं असतं तर आलं असतं का, तेही नाही सांगता येत. आणि तो रुपया मी बघितलेला नाही.

रानजाई
सूर्याकाठ, काय उत्तर देऊ कळत नाही. दोनदा लिहून खोडलं. रकमेसमोर अंगठे आहेत. मार्चमधले अंगठे कोणाचे, हा प्रश्न कालपासून डोक्यात आहे. मार्चमध्ये त्या पोरी तिथे नव्हत्याच.

कट्ट्यावरचाबाळ्या
तीस वर्षं उलटली तरी त्या रुपयाचा सव्वा रुपया झाला नाही. आता रुपयाला लिमलेटची गोळी येते का? (हलके घ्या.)

गुर्जीबुवा
गोळी येते. पण तो रुपया खात्यात जमा करायचा तर खातं उघडायला लागतं, आणि बँक पाड्यापासून २२ किलोमीटर. आईची एक दिवसाची मजुरी बुडते. बाळ्या, हसण्यावारी नेलंत पण हिशेब बरोबर आहे तुमचा.

सालबर्डी
मेळघाट, धारणी तालुका. नोकरीचा पहिला आठवडा, मी सातारची. पहिलीतली कोरकू मुलगी सारखी “दा, दा” म्हणत होती. मला वाटलं मोठ्या भावाला हाक मारतेय, मी तिला चौथीतल्या भावाशेजारी नेऊन बसवलं. ती रडायला लागली. शेवटी खिचडीवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, पाणी मागून राहिली ते. कोरकूत दा म्हणजे पाणी.

तासभर एक लेकरू तहानलेलं बसलं होतं माझ्यासमोर. त्या रात्री वहीत पहिले वीस शब्द लिहून घेतले. डीएडच्या दोन वर्षांत असं काही असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

इंद्रावतीपार
सालबर्डी, आमच्या माडिया पोरांचं ‘येर’. घर म्हणजे लोन. पुस्तकात घ घराचा, चित्रात कौलारू बंगला नि दारात तुळस. पोरगी म्हणे, हे लोन नाही होय, हे गार्डचं ऑफिस होय!

आंबोळी
विषयाला सोडून आहे, पण बाबांची वही निघाली म्हणून विचारते : १ जूनला किती जणांचे वाढदिवस आहेत इथे? आमच्या वर्गात ३१ पैकी १९. हेडमास्तरांच्या कृपेने.

कट्ट्यावरचाबाळ्या
+१. आमच्या घरी आई, मामा, दोन मावश्या, सगळे १ जून. आजीची अवस्था विचारू नका.

सूर्याकाठ
माझा पण १ जून :) आई म्हणते, भाताची पेरणी उरकली होती. मग १ जून कसा असेल?

मेपलची_फांदी
कॅनडातून. इथे ३० सप्टेंबरला मुलं नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. मूळनिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं, भाषा बोलली म्हणून मारलं, त्याची आठवण. एका मुलीला आजीने घेतलेला नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, त्यावरून तो रंग. सरकारने २००८ ला संसदेत माफी मागितली. लेकीने विचारलं, आपल्याकडे होत्या का अशा शाळा? मी सांगितलं, हो, आश्रमशाळा. बरोबर सांगितलं ना?

सूर्याकाठ
नाही ताई. मला आश्रमशाळेतूनच अक्षर मिळालं. तिथे पोलिसाने नाही नेलं, आईने नेऊन सोडलं, कारण घरी दोन वेळचं नव्हतं. सातवीपर्यंत माझ्याच भाषेतल्या चार पोरी होत्या, रात्री दिवा गेला की आमचीच गाणी. पण शर्टाचं ऐकून केस आठवले. पहिल्या दिवशी उवा म्हणून सगळ्यांचे केस कापले होते. आईने जत्रेतून आणलेली रिबीन कुठे गेली काय माहीत.

करवंद_अकरावी
नाव बदलून लिहितेय. सरकारी वसतिगृहात होते, अकरावीला. दिवाळीची सुट्टी संपवून आलो की आधी दवाखान्यातून तपासणीचा कागद आणायचा, मगच खोली. तपासणी म्हणजे यूपीटी, गरोदर आहे का ते बघायची लघवीची चाचणी. आम्ही अकरा जणी रांगेत, हातात डबी. नर्सबाई चांगल्या होत्या, मान खाली घालून कागद लिहीत होत्या. रांगेत गावातले ओळखीचे काका बीपी तपासायला आलेले. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल?

किटचे पैसे आमचे. एक रेष आली की ‘फिट’ असं लिहून मिळायचं. लेखी नियम दाखवा म्हटलं तर तो कोणी दाखवला नाही. मुलांच्या वसतिगृहात सुट्टीनंतर फक्त फी आणि फोटो.

माझ्यासोबतची एक मुलगी जी त्या दिवशी रांगेतून निघून गेली ती परत आलीच नाही. तिला काही झालं नव्हतं, नुसता राग आला होता. यंदा तिचं दुसरं बाळ.

दुधीभोपळा
करवंद, किती शांतपणे लिहिलंयस. मला वाचूनच थरथरायला झालं.

(भूगोलाचं पुस्तक मिळालं. शेजाऱ्यांकडे.)

चुलीपाशी
मी बोलते, मुलगी टाइप करते. शाळेत खिचडी शिजवते बारा वर्षं. मानधन दीड हजाराचं अडीच हजार झालं, तेही दहाच महिने, आणि येतं तीन-तीन महिन्यांनी. गॅस संपला की लाकडं माझीच. धाग्यात सगळे शाळा बंद झाली तर पोरांचं काय म्हणतात. पोरं दुसऱ्या गावाला जातील. माझी चूल कुठे जाणार? आणि कोण कोण नुसतं खिचडीसाठी येतं ते मास्तरांच्या हजेरीपेक्षा मला जास्त माहीत. सोमवारी ताटं जास्त लागतात.

गुर्जीबुवा
मावशी, सोमवारचं अगदी खरं.

कोयताकथा
बीड. आमच्याकडे आदिवासी कमी, पण पोरींची गत तीच. ऊसतोडीत कोयता म्हणजे एक जोडपं. उचल जोडप्यावर मिळते, एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून कारखाने सुरू व्हायच्या आधी लग्नं उरकतात. आठवीतली माझी विद्यार्थिनी दसऱ्याला वर्गात होती, दिवाळीनंतर कोणाच्या तरी कोयत्याचा अर्धा झाली. हंगामी वसतिगृह होतं, पण ते मागे राहणाऱ्या पोरांसाठी. सुनेला कोण मागे ठेवतं?

सुरगाणाएक्स्प्रेस
२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत. मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दप्तरात, आणि गाडीच नाही. काळीपिवळीला जायचे वीस, यायचे वीस. मुलगे दुचाकीवर हात दाखवून यायचे. मुलींनी कोणाच्या मागे बसायचं? नववीत १४ मुली होत्या, परीक्षेला ९. शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं की मधली नदी मोजली जात नाही.

जुनाखडू
वय ७८, चुका पोटात घाला. रानजाईंच्या मैत्रिणीच्या काखेतल्या भावावरून आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला गेल्या. तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. भाऊ पाळणाघरात, बहीण वर्गात. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात न्यायची, तिचं नाव कुरणशाळा. मी १९७१ ला पाहून आलो होतो. अनुताई पोरांची नखं कापत बसल्या होत्या. शाळा मुलाकडे जाते हे तिथे पाहिलं. आता मूल गाडीत घालून शाळेकडे न्यायचं म्हणतात. असो, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आंबोळी
जुनाखडू काका, अजून लिहा ना. वेगळा धागा काढा.

नर्सिंग_वेटिंग
इथे विचारू का? जमातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी (पडताळणी) अडकली आहे. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वडिलांकडचा पुरावा मागतात, शाळेचा असेल तर उत्तम. आमच्या वाडीवर शाळाच १९६२ ला आली. आजोबा शाळेत गेले नाहीत, पणजोबांचा प्रश्नच नाही. शाळेत गेलो नाही म्हणून आदिवासी असल्याचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणून मला शाळेत जाता येत नाही. दक्षता पथकाने घरी येऊन आईला विचारलं, लग्नात कोणती गाणी म्हणता? आई लाजली, काही बोलली नाही. त्यांनी लिहून घेतलं : सांगता आले नाही.

गुर्जीबुवा
तहसीलला कोतवालाची जन्म-मृत्यू नोंद मागा, गाव नमुना १४. पणजोबांचं नाव सापडलं तर नावासमोर जात लिहिलेली असते बऱ्याचदा. मोडीत असेल, वाचणारा शोधावा लागेल. आणि जमिनीचे जुने फेरफार बघा, मालकी नसली तरी कुळ म्हणून नाव लागलेलं असतं.

नर्सिंग_वेटिंग
जमीन सावकाराकडे गेली ती पणजोबांच्याच वेळी. पण नमुना १४ बघते. थँक्यू सर.

जुनाखडू
मोडी मला येते. फोटो स्पष्ट काढा, सावली पडू देऊ नका.

सूर्याकाठ
रानजाई ताई, तुमच्या बाकावरच्या मुलीचं नाव व्यनित (खासगी निरोपात) सांगाल का? भट्टीवर आम्ही सगळे त्याच पट्ट्यातले.

रानजाई
केलाय व्यनि.

सूर्याकाठ
या नावाच्या तिघी माहीत आहेत. एक वारली बाळंतपणात. एक वाड्याच्या बाजूला असते, मिरच्या विकते. बाजाराच्या दिवशी विचारते. ती वही टाकू नका.

रानजाई
नाही टाकत. विचारशील तेव्हा हेही विचार, खिडकीतून फळा दिसायचा का नीट.

कट्ट्यावरचाबाळ्या
आम्ही १ जूनवाल्यांनी यंदा एक केक आणायचा का?