उंचवटा खोलग्यावर आला, की लाटेची ऊर्जा कुठे जाते?

प्रश्न (विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, नागपूर):
रविवारी फुटाळा तलावाच्या काठावरून मी पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे टाकले, तेव्हा दोन्ही वलये एकमेकांना ओलांडून काही घडलेच नाही अशी पुढे गेली. अध्यारोपणाचा नियम मला पाठ आहे: विस्थापनांची चिन्हासह बेरीज करायची. पण एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या तेवढ्याच खोलग्यावर आला, तर त्या क्षणी पाणी सपाट होईल. मग पुढच्या क्षणी दोन्ही लाटा पुन्हा उभ्या राहतात त्या कशाच्या बळावर?

उत्तर (निवृत्त शिक्षक):
प्रश्न फार चांगला आहे. पाण्याऐवजी ताणलेली लांब दोरी डोळ्यांसमोर आणा. डावीकडून उंचवटा आणि उजवीकडून तसाच खोलगा येऊन एकमेकांवर बसले, की दोरी क्षणभर सरळ दिसते. पण ती स्थिर नसते. त्या क्षणी तिचा उजवा भाग वर आणि डावा भाग खाली जात असतो, आणि प्रत्येक कणाचा वेग एकट्या लाटेत असता त्याच्या दुप्पट असतो. वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा चौपट. एका लाटेची निम्मी ऊर्जा गतिज असते, त्यामुळे हिशेब बरोबर दोन लाटांच्या ऊर्जेइतका येतो. आपण फक्त आकार पाहतो, वेग डोळ्यांना दिसत नाही, आणि लाटांची पुढची वाटचाल त्या वेगातच साठवलेली असते.

उत्तर (ध्वनी-व्यवस्थेचे काम करणारा):
सतत वाजणाऱ्या दोन स्पीकरांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे शांत जागा शांतच राहतात. मोकळ्या मैदानात दोन्हींवर ३४० हर्ट्झचा एकच सूर लावा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर तरंगलांबी १ मीटर होते, आणि जिथे दोन स्पीकरांपासूनच्या अंतरांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो तिथे आवाज जवळपास मरतो. मधल्या रेषेवर मात्र आयाम (कंपनाचा मोठेपणा) दुप्पट आणि तीव्रता चौपट होते. शांत जागी जे कमी पडले ते इथे जास्त मिळते. (मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला, की हा वेग ३५८ च्या आसपास जातो आणि शांत जागा सरकतात, मोजताना तापमान अवश्य लिहून ठेवावे.)

विद्यार्थिनी:
दोघांचेही आभार. पण दोन्ही स्पीकर अगदी शेजारी ठेवून एकाच्या तारा उलट जोडल्या, तर सगळीकडेच आवाज बसेल. मग चौपट कुठे होणार?

निवृत्त शिक्षक:
कुठेच नाही. एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच वेळी शेजारचा ती मागे ओढतो, त्यामुळे अंतर तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असेल तर हवेत ऊर्जा मुळात फारशी जातच नाही. ती बरीचशी स्पीकरच्या वेटोळ्यातच उष्णता होऊन संपते.