मटणाचे प्रयोग: तुमच्या घरी काय काय झालं?

परसदार
आमच्या गल्लीत काल कल्हईवाला आला होता. किती वर्षांनी तो नवसागराचा धूर नाकात गेला! माळ्यावरून आबांचं तांब्याचं पातेलं काढलं, कल्हई करून घेतली. आजी माळकरी, त्यामुळे मटण घरात कधी शिजलं नाही. परसात तीन दगड, वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि त्या दिवशी आचारी आबा. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून ठेवायचे, मग तेलात कांदा आणि मटण पाणी सुटेपर्यंत परतायचे. वर खोलगट ताट आणि ताटात पाणी. ते ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत, ताटात पुन्हा नवं. गार पाणी पातेल्यात घालणाऱ्याला ओरडा बसायचा. आम्हा पोरांना अळणी, म्हणजे तिखट-मसाला घालण्याआधीचं मटणाचं पाणी, आधी, वाटी वाटी, भाताबरोबर.

मी लग्नानंतर कुकरवाली झाले. आता पुन्हा ताटातल्या पाण्याकडे आलेय. दीड तास लागतो पण अळणीवर जी चरबीची पिवळी टिकली तरंगते ती कुकरमध्ये येत नाही, म्हणजे मला तरी आणता आली नाही. त्याच अळणीचे दोन भाग करते. एकाचा तांबडा रस्सा. दुसऱ्याचा पांढरा: खसखस, तीळ, काजू वाटून, शेवटी नारळाचं दूध, आणि दूध घातल्यावर उकळी नाही, नाहीतर फुटतं. सध्या खसखशीचा भाव बघून अर्धी खसखस आणि अर्धा मगज (खरबुजाच्या सोललेल्या बिया) असा प्रयोग चालू आहे. दाटपणा येतो, पण खसखशीची ती चव येत नाही.

तुमचे प्रयोग लिहा. जमलेले, फसलेले, कसलेही.

रंकाळ्याकाठचा
मगज?? ताई कोल्हापुरात बोलू नका कुठं 😄 काजू पण हॉटेलवाल्यांचं काम. आमच्या आईच्यात खसखस, तीळ आणि ओलं खोबरं, बास. हिरवी मिरची उभी चिरून, आख्खी वेलची, दालचिनी. बाकी गार पाण्याचं एकदम बरोबर, त्यानं मटण वातड होतंय म्हणतात.

थंडीतला_मराठी
म्युनिकहून. इथे दुकानात मिळते ती खसखस निळीकाळी असते. मला काय माहीत, वाटली आणि घातली. पांढरा रस्सा सिमेंटच्या रंगाचा. चव बरी होती, जर्मन मित्रांनी वाटी चाटून खाल्ली, त्यांना पांढरा कसा असतो ते ठाऊकच नव्हतं.
बोकडाचं मटण इथे शोधावं लागतं. तुर्की खाटकाकडे कोकरू मिळतं. ते लवकर शिजतं पण चरबीला वास फार. मी दिसेल ती चरबी कापून काढतो आणि मसाल्यात बडीशेप वाढवतो.

सई_आणि_शेपू
@थंडीतला_मराठी पांढरी खसखस भारतातून आणत जा. पण आमची नणंद दुबईला असते, तिकडे न्यायची नाही हं, बंदी आहे. तिने फोन करून करून बजावलंय सगळ्यांना.

वाड्याकडची
चरबीच्या वासाची तक्रार वाचून हसले. आमच्यात बोल्हाईचं, म्हणजे मेंढीच. बोकड चालतच नाही. वाडे बोल्हाईला देवीचं ठाणं आहे, पुण्याजवळ. सासरी आले तेव्हा मला पण वास यायचा, आता बोकड बेचव लागतं. युक्ती एकच, कांदा कमी आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं.

लोकल_९_०२
लिहितेय ट्रेनमधून. कच्ची पपई!! कुणीतरी सांगितलं साल वाटून लाव मटण लोण्यासारखं होतं. रात्री लावून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी हात लावला तर हाडं वेगळी आणि बाकी सगळा लगदा. पाहुणे बारा वाजता. डाळ घालून टिकिया थापल्या आणि मुद्दाम केल्यात असं दाखवलं. सासरे अजून विचारतात त्या वड्या परत कधी. उतरते आता

रंकाळ्याकाठचा
ताई पपई अर्धा तास फार तर पाऊण. त्यातलं मांस मऊ करणारं पापेन थांबत नाही, चघळतच राहतंय. आणि कवळं बोकड असलं तर पपई लागतच नाही. खाटकाला सांगायचं, सीना, चाप आणि नळी मिसळून दे. नुसती मांडी घेतली की रस्सा पाणचट.

भुलाबाई
नागपूर. आमच्या शेजारी कोष्टी कुटुंब, त्यांचं सावजी, म्हणजे झणझणीत तेल-तर्रीचं मटण, डोळ्यातून पाणी. मी "कमी तेलाचं सावजी" हा प्रयोग केला. ते सावजी नव्हतं, मसाल्याची आमटी होती. मसाला तेलातच उतरतो, तर्री नाही तर काही नाही. काकू जुन्या काळी जवसाच्या तेलात करायच्या आणि दाटपणाला थोडं ज्वारीचं पीठ. नवऱ्याला कोलेस्टेरॉल निघाल्यापासून महिन्यातून एकदाच करते, पण पूर्ण तेलाचं.

नुसती_वाचक
आमच्याकडे अंडंसुद्धा नाही 🙈 तरी सगळं वाचतेय. हाच मसाला सोयाबीनच्या वड्यांना चालेल का?

भुलाबाई
चालेल गं, वड्या उकळून दोनदा पिळून घे. फणसाला तर भारीच.

सई_आणि_शेपू
@परसदार कल्हईचे किती घेतले? आणि कथील खरं होतं ना, हल्ली काहीही लावतात म्हणे

परसदार
पातेल्याच्या मापावर घेतो, घासाघीस केली मी. समोर बसून करून घेतलं, पिंजलेला कापूस फिरवला की चकाकी येते लगेच. ऑगस्टमध्ये परत येतो म्हणालाय.

अलिबागकर
मटण नाही, चिकन चालेल का? पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगांबरोबर भाजलेलं चिकन. फ्लॅटमध्ये. वालाच्या शेंगा गावाहून आणल्या, चिकनला आलं-लसूण-मिरची, केळीच्या पानात बांधून मडक्यात. भांबुर्ड्याचा पाला नव्हता म्हणून खाली केळीचीच पानं. ओव्हनमध्ये शिजलं व्यवस्थित. पण पोपटी नाही झाली ती. भांबुर्ड्याचा पाला आणि भोवतीचा जाळ पाहिजेच, मडकं उलटं पाहिजे, शेतात रात्री थंडी पाहिजे. जानेवारीत या सगळे, खरंच सांगतो.

लोकल_९_०२
आम्ही येतो. अंडी पण घालता ना त्यात? आणि बटाटे?

अलिबागकर
अंडी, बटाटे, रताळी, जे हाताला लागेल ते. फक्त पाणी एक थेंब घालायचं नाही.

थंडीतला_मराठी
आज गुरुवार आहे हो, काय छळ मांडलाय

वाड्याकडची
वजडी (पोट-आतडी) कुणी घरी साफ करतं का? मी गरम पाणी आणि चुना लावून खरवडते, काळा पापुद्रा सुटतो. हे तेवढा वेळ बाहेर फिरायला जातात, खायला बरोबर वेळेवर परत. काल पाणी जास्त उकळतं झालं आणि पापुद्रा चिकटून बसला, तासभर खरवडत होते.

भुलाबाई
हात बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत एवढंच गरम. उकळी नाही. चुना खायचाच ना?

वाड्याकडची
हो पानाचाच. सासूबाईंच्या डबीतला चोरून 😛