आठ हजार मीटरांच्या खाली मासे का नाहीत? मरियाना स्नेलफिशविषयी एक शंका

जलतरंग:

नमस्कार. पश्चिम प्रशांत महासागरातल्या मरियाना गर्तेत, म्हणजे सागरतळावरच्या सर्वांत खोल खाईत, राहणाऱ्या स्नेलफिश या माशाविषयी सध्या वाचन चालू आहे. हा मासा साधारण ६,९०० ते ८,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात राहतो, २०१४ आणि २०१७ मध्ये तिथून त्याचे ३७ नमुने वर आणले गेले आणि २०१७च्या अखेरीस ‘स्यूडोलिपॅरिस स्वायरी’ या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, इथपर्यंत सारे समजले. अडचण त्यापुढे आहे.

गर्तेचा तळ जवळपास १०,९०० मीटरवर आहे. ज्या अँफिपॉडांवर, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या त्या छोट्या कवचधारी जिवांवर, हा मासा जगतो, ते अगदी तळापर्यंत विपुल सापडतात. म्हणजे खाली अन्न आहे, ते पळवणारा दुसरा मासाही नाही, आणि तरीही हा मासा तिकडे उतरत नाही. सगळीकडे कारण एकच दिलेले असते, ते म्हणजे दाब. पण ज्या शरीराला ८,००० मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ८०० किलोहून अधिक दाब सोसतो, त्याला ९,००० मीटरवर आणखी शंभरेक किलो का सोसू नये, हे काही केल्या पटत नाही.

दुसरी शंका याच्याशीच निगडित आहे. १९६०च्या जानेवारीत ‘त्रिएस्ते’ या पाणबुडीतून झाक पिकार्ड आणि डॉन वॉल्श याच गर्तेतल्या सर्वांत खोल जागेच्या, चॅलेंजर डीपच्या, तळाशी पोहोचले, तेव्हा पिकार्ड यांनी तिथे एक चपटा मासा पाहिल्याचे सांगितले होते. मग ‘८,२०० मीटरांखाली मासे नाहीत’ हे जे विधान वाचायला मिळते, ते कितपत खरे मानायचे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

मत्स्यगंधा:

आपली शंका रास्त आहे, कारण ‘प्रचंड दाब’ एवढे दोन शब्द लिहून बहुतेक लेख पुढे सरकतात आणि वाचकाच्या मनात छातीवर ठेवलेल्या दगडाचे चित्र उभे राहते. ते चित्र आधी पुसायला हवे. या माशाच्या शरीरात हवेने भरलेली पोकळी कुठेही नाही. अनेक माशांना तरंगत राहण्यासाठी जो वाताशय असतो, तोही याला नाही. शरीरातले पाणी आणि बाहेरचे पाणी एकाच दाबाखाली असल्याने चिरडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दाब त्रास देतो तो रेणूंच्या पातळीवर. प्रथिनांना काम करताना सतत आकार बदलावा लागतो, घडी घालावी लागते, दुसऱ्या रेणूला धरून सोडावे लागते, आणि या हालचालींत प्रथिन व त्याच्याभोवतीचे पाणी यांचे एकत्रित आकारमान किंचित वाढावे लागते. दाब वाढला की नेमकी हीच वाढ अवघड होते, प्रथिने अडखळतात आणि पेशीचे व्यवहार मंदावतात.

यावर सागरी माशांकडे असलेला उपाय म्हणजे ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड, संक्षेपाने टीएमएओ. हा छोटा रेणू पेशीत विरघळलेला असतो आणि प्रथिनांची घडी टिकवून धरतो. (मासा मेल्यावर जीवाणू याच रेणूपासून ट्रायमिथाइलअमीन तयार करतात, माशांचा जो उग्र वास आपल्याला परिचित आहे, तो बराचसा त्याचाच.) उथळ पाण्यातल्या अस्थिमत्स्यांमध्ये, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांमध्ये, त्याचे प्रमाण कमी असते आणि जसजसे खोल जावे तसतसे ते वाढत जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधक पॉल यॅन्सी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या उत्तरेकडील केर्माडेक गर्तेतून ७,००० मीटरवरून पकडलेल्या स्नेलफिशच्या स्नायूंत हे प्रमाण मोजले, तेव्हा ते उथळ पाण्यातल्या माशांच्या कितीतरी पट भरले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. टीएमएओ वाढवण्याची किंमत मोजावी लागते. उथळ पाण्यातल्या अस्थिमत्स्याच्या शरीरद्रवात विरघळलेल्या पदार्थांची एकूण तीव्रता समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे परासरणाने, म्हणजे पाणी कमी तीव्रतेच्या द्रवाकडून जास्त तीव्रतेच्या द्रवाकडे झिरपते त्या क्रियेने, त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जात राहते, आणि ही तूट तो समुद्राचे पाणी पिऊन व जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकून भरून काढतो. या माशांची सारी व्यवस्था ‘पाणी बाहेर जाते आहे’ हे गृहीत धरून बांधलेली आहे. टीएमएओची भर पडत गेली की शरीरद्रवाची तीव्रता वाढत जाते, आणि यॅन्सींच्या मोजमापांवरून आखलेली रेषा पुढे वाढवली, तर साधारण ८,२०० मीटरवर ती समुद्राच्या पाण्याच्या तीव्रतेला येऊन भिडते. त्याखाली जायचे तर आणखी टीएमएओ हवे. आणखी टीएमएओ घेतले तर प्रवाह उलटतो आणि समुद्राचे पाणी शरीरात शिरू लागते. कल्ले आणि मूत्रपिंडे यांना मग आजवरच्या नेमके उलट काम करावे लागेल. तेव्हा नुसता ‘आणखी शंभर किलो’ सोसण्याचा हा मामला नाही. प्रथिने सांभाळावीत तर पाण्याचा तोल जातो, आणि तोल सांभाळावा तर प्रथिने बिघडतात.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या हर्बर्ट स्वायर यांचे नाव या माशाला दिले आहे, ते ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजावरचे अधिकारी होते, आणि त्याच जहाजाने १८७५ मध्ये या गर्तेचे पहिले मोजमाप घेतले, ते भरले ४,४७५ फॅदम, म्हणजे सुमारे ८,१८४ मीटर. गर्तेचा खरा तळ त्याहून कितीतरी खाली होता, परंतु माशांची सीमा मात्र जवळजवळ तिथेच निघाली.

खारफुटी:

मत्स्यगंधा यांचे स्पष्टीकरण मान्य आहे, मात्र त्याने अर्धाच प्रश्न सुटतो असे वाटते. मासे कुठे थांबतात हे त्यातून कळते. पण त्या सीमेपर्यंत स्नेलफिशच का पोहोचले, हे कळत नाही. हे कुळ चारशेहून अधिक जातींचे आहे आणि त्यातल्या काही जाती किनाऱ्यालगतच्या अगदी उथळ पाण्यात पोटावरच्या चकतीने खडकाला चिकटून राहतात. अशा कुळाने गर्तांमध्ये जम बसवावा आणि खोल समुद्रातले म्हणून प्रसिद्ध असलेले अँगलरफिश वगैरे मासे मात्र त्याच्या बरेच वर राहावेत, याचे कारण मला तरी त्यांच्या शरीराच्या ठेवणीत आणि गर्तेतल्या अन्नात दिसते.

छायाचित्रांत हा मासा पाहिला तर प्रथम निराशाच होते. ना सुळे, ना चमकणारे अवयव. लांबी २९ सेंटीमीटरच्या आत, अंगावर खवले नाहीत, रंग फिकट गुलाबी आणि त्वचा इतकी पातळ की आतले यकृत आणि स्नायू बाहेरून दिसतात. त्वचेखाली पाणीदार, जेलीसारख्या ऊतीचा थर असतो. तो बनवायला फार ऊर्जा लागत नाही, तो तरंगण्याला हातभार लावतो आणि डोक्याच्या मागे एकदम निमुळते होत गेलेले शरीर भरून काढून त्याला प्रवाही आकार देतो. संशोधकांनी स्नेलफिशची यांत्रिक प्रतिकृती करून पाहिली, तेव्हा असा थर असलेली प्रतिकृती तो नसलेल्या प्रतिकृतीपेक्षा वेगाने पोहली. ‘गर्तेतला राक्षस’ अशी वर्णने वाचली की म्हणूनच हसू येते. या माशाचे यश त्याच्या मऊपणात आहे. २०१९ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात हाडांच्या कठीण होण्याशी संबंधित एक जनुक निकामी झालेले आढळले. याची कवटी पूर्ण बंद झालेली नसते आणि सांगाड्यात कूर्चेचा भाग बराच असतो. प्रकाश ओळखण्याशी संबंधित काही जनुकेही त्याने गमावली आहेत, आणि जिथे सूर्यप्रकाशाचा लवलेश नाही तिथे त्यांची उणीव भासण्याचे कारण नाही.

राहता राहिले अन्न. गर्तेचा आडवा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असल्याने वरून पडणारे सेंद्रिय अवशेष उतारावरून घसरत आतल्या बाजूला साठत जातात. भूकंपांमुळे उतारांवरचा गाळ सुटतो, तोही खालीच येतो. त्यामुळे आजूबाजूच्या सपाट सागरतळाच्या मानाने गर्तेत खायला अधिक मिळते आणि अँफिपॉड तिथे थव्याने राहतात. आमिष बांधलेला कॅमेरा खाली सोडला की पहिल्यांदा अँफिपॉड गोळा होतात. स्नेलफिश येतात ते आमिषासाठी नव्हे, तर या अँफिपॉडांसाठी. तोंड चटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढायचे आणि घशातल्या दुसऱ्या जबड्यांनी ते चिरडायचे, अशी त्यांची पद्धत आहे. संशोधकांनी एका नमुन्याचे सीटी स्कॅन केले, त्यात पोटातला अँफिपॉड स्पष्ट दिसतो. रॅटटेल आणि कस्क ईल हे प्रतिस्पर्धी मासे खोलीबरोबर विरळ होत जातात, तेव्हा ७,००० मीटरांच्या आसपास हे ताट बरेचसे एकट्या स्नेलफिशसाठीच वाढलेले असते.

जलतरंग:

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन उपशंका. अँफिपॉडांनाही प्रथिने आहेतच. मग ते तळापर्यंत कसे जातात? आणि शार्कच्या शरीरात टीएमएओ मुळातच भरपूर असते असे वाचले आहे. तसे असेल तर शार्क सर्वांत खोल असायला हवे होते, पण ते ४,००० मीटरांच्या खाली सहसा दिसत नाहीत.

मत्स्यगंधा:

दोन्ही उदाहरणे त्याच हिशेबात बसतात. अँफिपॉडांसारख्या बहुतेक सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरद्रवाची तीव्रता आधीपासूनच समुद्राच्या पाण्याएवढी असते. खोलीबरोबर त्यांच्यातही टीएमएओ वाढते, परंतु त्यासाठी त्यांना दुसरे एखादे द्रव्य तेवढ्याच प्रमाणात कमी करता येते. एकूण बेरीज तीच राहत असल्याने परासरणाची अडचण त्यांच्यापुढे उभीच राहत नाही.

शार्कही समुद्राच्या पाण्याएवढ्याच तीव्रतेवर असतात, पण ती तीव्रता ते मुख्यतः युरिया साठवून गाठतात. युरिया प्रथिनांना अस्थिर करतो आणि टीएमएओ त्याला उतारा म्हणून सोबत असते. खोल पाण्यात राहणाऱ्या शार्क जातींत युरिया घटत जातो आणि टीएमएओ वाढत जाते, आणि ही अदलाबदल जिथे संपते तिथे त्यांचीही मर्यादा येते, असे एक मत आहे. दुसरे मत असे की शार्कचे यकृत तेलाने भरलेले असते, असे शरीर पोसण्यास फार ऊर्जा लागते आणि तेवढे अन्न खोल सपाट तळावर मिळत नाही. मला दोन्ही कारणे एकत्र लागू होतात असे वाटते. दुसरे कारण थोडे अधिक वजनदार आहे.

निशाचर:

पिकार्ड यांच्या चपट्या माशाविषयी थोडेसे. तळाशी टेकताना पाणबुडीने इतका गाळ उडवला की छायाचित्र घेता आले नाही, त्यामुळे केवळ त्यांचा शब्द हाच पुरावा उरतो. मुक्काम जेमतेम वीस मिनिटांचा होता. पुढच्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञांनी शंका घेतली की तो सागरी काकडीच्या वर्गातला प्राणी असावा. पुढे तिथे उतरलेल्या कॅमेऱ्यांना आणि पाणबुड्यांना एकही मासा दिसलेला नाही, आणि ज्ञात चपट्या माशांच्या जाती त्या खोलीच्या जवळपासही पोहोचत नाहीत. पिकार्ड यांच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही, पण हे निरीक्षण मात्र बाद धरावे.

खारफुटी:

खोलीच्या आकड्यांबाबत एक भर घालतो, कारण ‘८,२००’ हा आकडा काटेकोर रेषा मानला तर घोटाळा होईल. मरियाना गर्तेत २०१७ मध्ये ८,१७८ मीटरवर स्नेलफिशचे चित्रण झाले. २०२२ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील इझू-ओगासावारा गर्तेत त्याच प्रजातिगटातला एक मासा ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यात आला, आणि त्याच मोहिमेत जपान गर्तेतून ८,०२२ मीटरवरून दोन स्नेलफिश प्रत्यक्ष पकडण्यात आले. यॅन्सी आणि सहकाऱ्यांचा अंदाज ८,२०० ते ८,४०० असा पट्टाच होता, त्यामुळे हे आकडे त्याला छेद देत नाहीत.

त्या ८,३३६ मीटरवरच्या माशाची गंमत अशी की तो पूर्ण वाढलेला नव्हता, पिल्लू होते. इतर अनेक खोल पाण्यातल्या माशांची पिल्ले उथळ थरांत वाढतात आणि मोठी झाली की खाली सरकतात. या स्नेलफिशांमध्ये मात्र पिल्ले पट्ट्याच्या खालच्या टोकाशी दिसतात. कस्क ईलसारखे मोठे मासे वरच्या बाजूला असल्याने खाली राहण्यात त्यांचा जीव वाचत असावा. मरियाना स्नेलफिशची मादी मोजकी पण फार मोठी अंडी घालते, काहींचा व्यास ९ मिलिमीटरपेक्षाही अधिक भरला आहे, तेव्हा अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लूही पहिल्या दिवसापासून बऱ्यापैकी सक्षम असणार.

इझू-ओगासावारा गर्तेतले पाणी किंचित उबदार आहे, आणि तिथला मासा आणखी थोडा खाली उतरू शकला याचे कारण तेच असावे, असे त्या मोहिमेतले संशोधक ॲलन जेमीसन यांचे मत आहे. हा उच्चांक मोडला गेलाच तर तो थोड्याफार मीटरांनी मोडेल, असेही त्यांनी म्हटले आहे.