मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो, रीमॅपनंतर स्पार्क प्लग कोणते घ्यावेत?

वळणवेडा:
गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १७८१ सीसी, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, कंपनीतून १५० बीएचपी. बदल मोजकेच: ९५ ऑक्टेनवरचा स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये पॉवरसाठी केलेला बदल), पॅनेल फिल्टर आणि मागचा मोकळा सायलेन्सर. टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर मूळचेच.

तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या पुढे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी मिसिंग मारते (मध्येच ठिणगी चुकून धक्के देते). अर्ध्या अॅक्सिलरेटरवर काही नाही, आयडलिंगही स्थिर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, कोड पी०३०० (कुठेतरी मिसफायर) आणि पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर). आत एनजीकेचे पीएफआर६क्यू आहेत, ४०,००० किमी झालेले.

दुकानदार म्हणतो रीमॅप आहे तर ८ नंबरचा इरिडियमच लावा. वापर म्हणाल तर आठवडाभर पुण्यातली कोंडी आणि रविवारी ताम्हिणी. ६, ७ की ८? निकेल की इरिडियम? गॅप (इलेक्ट्रोडमधली फट) किती? माहितगारांनी सांगावं.

फीलरगेज:
८ विसरा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे लवकर सोडणारा. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायची भीती. कर्वे रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगणाऱ्या गाडीत ८ नंबर ४५० ला पोचणारच नाही. काजळी धरेल, आणि तुम्ही पुन्हा मिसिंगचाच धागा काढाल.

ढोबळ हिशेब असा की ७५ ते १०० बीएचपी वाढले तर एक पायरी थंड. तुमच्या रीमॅपने ३५-४० वाढले असतील. त्यामुळे ६ सुद्धा चुकीचा नाही. पण उन्हाळ्यात घाट चढताना बराच वेळ बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) राहणार असाल तर ७ लावून निर्धास्त व्हा. माझं मत: बीकेआर७ई, साधा निकेल, गॅप ०.७ मिमी.

नावातली अक्षरं दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात. बीके म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटी ११ जोडलेलं असेल तर गॅप १.१ मिमी येतो, तो घेऊ नका. आर नसलेला तर मुळीच नको, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) त्याचा विद्युत गोंगाट सहन होत नाही.

डेन्सोत आकडे वेगळे: एनजीके ६ म्हणजे २०, ७ म्हणजे २२. बॉशमध्ये तर उलटंच, आकडा लहान तेवढा प्लग थंड. दुकानदाराचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आता मिसिंगचं कारण. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि तेवढाच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) तेवढं देऊ शकली नाही की ठिणगी पडतच नाही. ४०,००० किमीमध्ये गॅप झिजून वाढलेला असणार, वर रीमॅपचा दाब. म्हणून अर्ध्या अॅक्सिलरेटरवर गाडी शहाण्यासारखी चालते. गॅप ०.७ केला की कॉइलवरचा ताण उतरतो. ०.६ च्या खाली मात्र जाऊ नका, ठिणगी इतकी आखूड होते की आयडलिंगच बिघडतं.

टॅपेट:
इरिडियमला एवढं नाकारू नका. बीकेआर७ईआयएक्सचा मधला इलेक्ट्रोड ०.६ मिमी जाडीचा, त्यामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं आणि झीजही कमी. निकेल दर ८-१० हजार किमीला काढून गॅप बघावा लागतो. मात्र इरिडियमने पॉवर वाढते हे खरं नाही. त्याचा गॅप लावताना मधल्या टोकाला पाना-पक्कड टेकवली तर ते तुटतं. बाहेरची पट्टीच वाकवायची.

फीलरगेज:
मान्य. पण निदान पक्कं होईपर्यंत निकेलच बरा, स्वस्तात उत्तर मिळतं.

वळणवेडा, पैसे घालायच्या आधी एक करा. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी तशीच दाबा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लग, आणि नवा प्लग घालूनही राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. व्हीसीडीएस (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर) असेल तर ग्रुप ०१५ मध्ये एक ते तीन सिलिंडरचे मिसफायर मोजले जातात, ०१६ मध्ये चौथ्याचे. ग्रुप ०२० पण बघा, तिथे नॉकमुळे (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या ठोक्यांमुळे) ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतलंय ते दिसतं. चारही सिलिंडरमध्ये मोठे आकडे आले तर आधी पेट्रोल आणि मॅप तपासा, प्लग नंतर.

वळणवेडा:
कॉइलींची अदलाबदल करून पाहिली. कोड पी०३०३ झाला! प्लगही काढले. चारही प्लगांच्या चिनीमातीवर, धातू सुरू होतो तिथे तपकिरी कडं आहे. गॅस गळतोय का? आणि दोन नंबरच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खळग्यात) तेल होतं.

फीलरगेज:
ते कडं निरुपद्रवी. उच्च दाबाच्या विजेमुळे तेलाचे कण तिथे चिकटतात, गळती नव्हे. काळजी करायची ती चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर. ठिणगी बाहेरून उडी मारतेय असा त्याचा अर्थ, मग प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला. टोकाच्या पांढऱ्या भागावर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंगने पिस्टनचं अॅल्युमिनियम उडतंय, तेव्हा गाडी दाबणं लगेच थांबवा.

तेल टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून येतंय. त्याने रबर फुगून कॉइल जाते. गॅस्केट न बदलता नवी कॉइल घातलीत तर तिचीही तीच गत.

टॅपेट:
बसवताना: इंजिन पूर्ण थंड हवं, हेड अॅल्युमिनियमचं आहे. विहिरीतलं तेल टिपून, हवा मारूनच प्लग काढा. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून आधी उलटा फिरवा, टक् झालं की सरळ. हाताने आत जात नसेल तर बाहेर काढा, पान्याने रेटलात तर आटे गेलेच समजा. शेवटी टॉर्क रेंचने ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, त्याने घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

नकली एनजीके भरपूर फिरतात. अस्सलचा वॉशर सहज निघून हातात येत नाही. मल्टिमीटरने प्लगचा रोध टोकापासून टोकापर्यंत मोजा, पाच हजार ओहमच्या आसपास यायला हवं. शून्य दाखवलं तर दुकानात परत करा.