मदत हवी आहे: टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रावीर ही एचआयव्हीची एकत्र गोळी) चालू असताना दर आठवड्याचं सिस्प्लॅटिन (केमोचं औषध)

रुग्ण एचआयव्हीसह जगणारी, गर्भाशयमुखाचा कर्करोग, स्टेज 2बी. बेत असा: ओटीपोटाला 25 फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत) 50 ग्रे किरणं, मग ब्रॅकीथेरपी (आतून दिलेली किरणं), सगळं 8 आठवड्यांत, सोबत सिस्प्लॅटिन 40 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) 310, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) दबलेला.

घोडं अडलंय किडनीपाशी. टेनोफोविर आणि सिस्प्लॅटिन, दोन्ही किडनीच्या नलिकांना त्रास देतात. वर डोल्युटेग्रावीरमुळे किडनी ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन थोडं चढतं, त्यामुळे नुसता तो आकडा पाहून केमो थांबवणं पटत नाही. सिस्टॅटिन सी (किडनीची दुसरी रक्तचाचणी) कोणी करून घेतं का? टेनोफोविरच्या जागी अबाकावीर आधीच सुरू करता (एचएलए-बी 5701, म्हणजे अबाकावीरच्या ॲलर्जीचा धोका दाखवणारं जनुक, तपासून), की क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) घसरल्यावर? हिपॅटायटिस बी (त्यावरही टेनोफोविर चालतं) निगेटिव्ह आहे, नाहीतर टेनोफोविर काढायचा विचारही केला नसता.

किरणांनी सीडी4 200 च्या खाली जाऊ शकतो. कोट्रायमॉक्सॅझोल (संसर्ग टाळायचं अँटिबायोटिक) आधीपासूनच देता का? ॲसिडिटीसाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड लिहिलंय; डोल्युटेग्रावीर त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी, एवढं तिला सांगून ठेवलंय.

‘किरणं संपेपर्यंत एआरटी (एचआयव्हीची औषधं) बंद ठेवा’ हा सल्ला कृपया नको.