मोबाईलवरून मराठी लेखन सुरू करायचंय, बजेट २०००. कुठे टाकू आणि धीर कसा करू?

फडकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. हंगामात पाळ्या, हंगाम संपला की जरा निवांत. रात्रपाळीला काटा बंद पडला की गाड्यांची रांग उभी राहते, तेव्हा वहीत काहीबाही लिहायची सवय लागली. गाडीवान, बैल, मुकादम (ऊसतोड टोळीचा ठेकेदार), असंच. आता वही भरत आली. बायकोला एक वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे तू लिहिलंस?" कौतुक होतं की संशय, अजून कळलेलं नाही.

तर प्रश्न असे. हे नेटवर कुठे टाकावं? दुसरं, थोडे लेख झाले आणि विषय संपले असं वाटायला लागलंय, तुम्हाला सुचतं कुठून? आणि तिसरं म्हणजे धीर होत नाही. गावातले वाचतील, कारखान्यातले वाचतील, साहेब वाचतील.

लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. बजेट २००० रुपये. कृपया त्याच्या वरचं सुचवू नका.

जर्सीकर

दोन हजारात काही होणार नाही, स्पष्ट सांगतो. लेखन गंभीरपणे करायचं तर लॅपटॉप हवाच. मी इथे न्यू जर्सीत आल्यावर पहिल्या बोनसमधून घेतला आणि मग लेखन सुरू केलं. भारतात ५० हजारापर्यंत चांगला मिळतो. मोबाईलवर लिहिणारा माणूस स्टेटसच्या पुढे जात नाही.

निळी_शाई

जर्सीकर, लॅपटॉप घेतल्यावर किती लिहिलंत तेही सांगा की.

जर्सीकर

वेळ मिळत नाही हो. पण सेटअप तयार आहे.

कीबोर्डवाला

लॅपटॉप कशाला? ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, हजार-बाराशेत येतो, मोबाईलला जोडला की झालं. मात्र इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एकदा मराठीत शिकलात की हिंदीलाही तीच मांडणी. रोमनमधून 'maajhe' टाइप करून 'माझे' मिळवणारे लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात.

तात्या_लातूर

माझा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) बसलाय, सरकारी टायपिंगची परीक्षा पास आहे. इन्स्क्रिप्ट कुणी शिकायचं आता या वयात.

कीबोर्डवाला

तात्या, प्रश्न तुम्ही विचारलेला नाही.

सदाशिवपेठी

आधी शुद्धलेखन. धागाकर्त्याने सुदैवाने बरेच शुद्ध लिहिले आहे, परंतु हल्ली जो उठतो तो 'रहाणे, पहाणे' लिहितो. नियमाप्रमाणे 'राहणे, पाहणे'. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अवघे अठरा नियम आहेत. एका संध्याकाळी वाचून होतात. पुस्तिका फार महाग नसते. आपल्या बजेटमध्ये बसेल, हे मी मुद्दाम पाहिले.

उस्मानाबादी_शेळी

काका, ते नियम वाचून माझी लिहायची इच्छा मेली होती. 'हळूहळू' दोन्ही दीर्घ आणि 'दुडुदुडु' चारही ऱ्हस्व. का, तर म्हणे पुनरुक्त आणि ध्वनिवाचक. बाळाने चालताना विचार करायचा का, मी हळूहळू चालतोय का दुडुदुडु?

सदाशिवपेठी

बाळाने नाही, आपण करायचा. आणि जी इच्छा अठरा नियमांनी मरते ती इच्छा नव्हे.

माळशिरस_शेतकरी

साहेब काट्यावर आहात म्हणून विचारतो. आमच्या ट्रेलरमागं टन-दीड टन कमी कसा भरतोय? बाहेरच्या काट्यावर एक वजन, कारखान्यात दुसरं. ह्यावर लिवा की एखादा लेख. विषय संपला म्हणताय आन् एवढा मोठा विषय समोर पडलाय.

फडकरी

दादा, तुमचा कारखाना कुठला ते मला माहीत नाही आणि ह्यावर लिहिलं तर मी काट्यावर राहणार नाही. आमच्याकडं तसं नाही एवढंच सांगतो.

माळशिरस_शेतकरी

समदे असंच सांगत्यात. २०२५-२६ च्या हंगामाला टनाला ३५५० एफआरपी (उसाचा सरकारी किमान दर) म्हणायची, ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, त्यातून तोडणी-वाहतूक कापायची, आन् वर काटा.

धागा_संपादक

एफआरपी आणि काट्यासाठी 'शेती' विभागात वेगळा धागा आहे. इथे लेखनाबद्दल बोला.

निळी_शाई

मूळ प्रश्नाकडे येते. मी बरीच वर्षं लिहितेय, पैशाचं म्हणाल तर चहा निघतो.

ब्लॉगर (ब्लॉग लिहायची साइट) फुकट आहे, गूगलचंच आहे, मोबाईलवरून चालतं. वाचक आपोआप येत नाहीत, तुम्हालाच दुवा वाटत फिरावं लागतं. पण लिहिलेलं जुनं होत नाही, शोधलं की सापडतं. प्रतिलिपी ह्या वाचन-लेखनाच्या ॲपवर वाचक तयार असतात (बंगळुरूची कंपनी, २०१४ पासून), पण तिथे कथामालिका चालतात. भाग ४७, भाग ४८. तुमच्यासारखे स्फुट लेख तिथे हरवतील असं मला वाटतं. फेसबुकवर प्रतिसाद लगेच, पण तीन दिवसांनी तुमचा लेख तुम्हालाच सापडत नाही. पुस्तकाएवढं साठलं तर किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं, पैसे भरावे लागत नाहीत. रॉयल्टी ३५ टक्के, काही अटी मान्य केल्या तर ७०. ते पुढचं पुढे.

म्हणजे दोन हजारातला एक रुपयाही लागत नाही. स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेब पत्ता) हवं असेल तर घ्या, पण दरवर्षी नूतनीकरण असतं हे लक्षात ठेवा. पहिल्या वर्षीचा भाव बघून फसू नका.

चोरीचा_बळी

कुठेही टाका, चोरी होणार. वडिलांच्या सायकलवर लिहिलेला माझा लेख मला आमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत आला. खाली 'लेखक अज्ञात, आवडल्यास पुढे पाठवा'. मी लिहिलं की लेखक मी आहे. सेक्रेटरी म्हणाले, "असं कुणीही म्हणेल." पुढच्या वेळी तोच लेख एका निवृत्त न्यायाधीशांच्या नावावर फिरत होता.

वकीलबुवा

चोरीचा_बळी, हक्क तुमचाच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी कॉपीराइट निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. तारखेसह मूळ मसुदा ठेवा. वही असेल तर फेकू नका.

चोरीचा_बळी

साठ वर्षं मी मेल्यावर. सेक्रेटरी आज ऐकत नाही.

तात्या_लातूर

दिवाळी अंकाला पाठवा. १९०९ ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनची आपली परंपरा आहे, नेटवर काय ठेवलंय. माझी कविता एका अंकात आली होती. मानधन नाही, पण अंक घरपोच आला. (पोस्टेज मी भरलं होतं.) उन्हाळ्यातच पाठवा, गणपतीनंतर कुणी फोनसुद्धा उचलत नाही.

कोर्सवाली_मैत्रीण

मी एक ऑनलाइन लेखन कार्यशाळा केली, १४ हजार फी. सहा रविवार. आत्मविश्वासात इतका फरक पडला की काय सांगू. शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. ग्रुप डिस्काउंट असतो, कुणी येणार असेल तर मेसेज करा.

निळी_शाई

त्यांचं बजेट २००० आहे हो.

कोर्सवाली_मैत्रीण

हप्ते आहेत.

खाडा

मी फारसं लिहीत नाही इथं, वाचते. ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

दादा, तुमच्या काट्यावर ज्या गाड्या येतात तसल्या गाडीवर मी लहानपण काढलंय. आई-बाप बीडकडून यायचे, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहिले, थोडी साखरशाळेत (ऊसतोड्यांच्या पोरांच्या शाळेत) गेले. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

विषय संपले म्हणताय ते मला पटत नाही. तुम्ही बैलांवर लिहिलं, मुकादमावर लिहिलं, म्हणजे काट्यावरून जे दिसतं ते. गाडी काट्यावर येईपर्यंत पहाटे तीनपासूनचा दिवस झालेला असतो. आई अंधारात भाकरी थापून फडात (उसाच्या शेतात) जायची. वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) पेंड्या विकून किराणा व्हायचा, ते पैसे तिच्या हातात असायचे, तेवढेच. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) बापाच्या नावावर. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे आपणच मुकादमाला द्यायचे. माझं नाव त्यावरूनच घेतलंय. आणि टायरगाडीवर मोळ्या रचताना खाली कोण, वर कोण, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून कोण चढतं, हे एकदा बघा. बघितलं असेल तुम्ही, पण लिहिलंय का?

सुचत नाही तेव्हा विचारा. "मावशी, गाव कुठलं, कधी निघालात, पोरं कुठं ठेवली?" रांगेत उभं असलेलं माणूस बोलतं. उत्तर त्याच रात्री, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा.

दोन गोष्टी मात्र पाळा. गावाचं आणि माणसाचं नाव बदला, कारण उचल कुणाकडून किती ते छापून आलं तर मुकादम पुढच्या साली त्या जोडीला नेणार नाही. तुमचे साहेब काय म्हणतील ह्याच्याआधी हे बघा. आणि 'बिचारे' लिहू नका. माझी आई बिचारी नव्हती, हिशोबात मुकादमाला गप्प करायची.

उस्मानाबादी_शेळी

ताई, तुम्हीच का लिहीत नाही?

खाडा

तपासायच्या वह्या पडल्यात.

निळी_शाई

खाडाताईंच्या सल्ल्याच्या पुढे मला काही सांगायचं नाही, फक्त टायपिंगचं. मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, मराठी निवडून बोला, मजकूर उमटतो. विरामचिन्हं नंतर घाला. बोलून लिहिण्यात कमीपणा काही नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरचे उतरवून ठेवायचे, म्हणून १९५२ साली पुस्तक आलं. त्या तोवर गेलेल्या होत्या.

धीराचं म्हणाल तर टोपणनावाने सुरू करा. चार अनोळखी वाचकांनी नीट वाचलं की ओळखीच्यांची भीती कमी होते. आणि टाकण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं.

कीबोर्डवाला

माईकवर 'मोळी' म्हटलं की 'मुळी' येतं. अनुभव आहे. कीबोर्ड घ्या.

पुरणपोळी_प्रेमी

+१ टोपणनावाला. +१ ब्लॉगरला. पण माझ्या मते आधी ब्लॉगर बघा, फुकट असतं, गूगलचंच आहे.

निळी_शाई

तेच लिहिलंय मी वर.

जर्सीकर

टोपणनावाचा तोटा असा की नाव झालं तर ते कुणाचं होणार? माझं डोमेन माझ्या पूर्ण नावाने आहे. अजून त्यावर काही टाकलेलं नाही, पण आहे.

सदाशिवपेठी

टोपणनाव ही मराठीतली जुनी प्रथा आहे, त्यात लपवाछपवी नाही. कुसुमाग्रज, केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज. धागाकर्त्याने बिनदिक्कत घ्यावे. 'फडकरी' वाईट नाही, लोकांना तमाशाचा फड वाटण्याचा धोका आहे इतकेच.

फडकरी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतोय, हंगाम जोरात आहे.

काय केलं ते सांगतो. ब्लॉगर उघडून बघितलं, जमलं नाही. माईकवर बोललो तर बाजूच्या केबिनमधला शिपाई विचारायला आला, कुणाशी बोलताय. कीबोर्ड घेतला नाही. टाइप करायला बसलं की माझं वाक्य बदलतं, निबंधासारखं होतं. वहीत होत नाही. म्हणून वहीतल्या पानाचेच फोटो काढून फेसबुकवर टाकतोय, माझ्या खऱ्या नावाने. टोपणनाव घेतलं असतं तरी अक्षर सगळ्या कारखान्याला माहीत आहे, पावत्यांवर तेच असतं.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "चौथ्या ओळीत बैलाचा रंग चुकलाय, त्या जातीचा तसा नसतो." बाकी काही बोलले नाहीत. बायकोचं म्हणणं अजून कळलेलं नाही, पण लाइक करते.

खाडाताई, नावं बदलली. एका मावशीला विचारलं तर तिनं उलटंच विचारलं, "तुला कशाला पायजे?" तेच तसंच्या तसं लिहिलंय.

दोन हजारातले बाराशे चाळिशीच्या चष्म्याला गेले. रात्री ओळ दिसत नव्हती. उरलेल्याच्या वह्या आणि पेनं.

निळी_शाई

फोटो नको हो, कळकळीने सांगते. फोटोतलं गूगलला शोधून सापडत नाही. आणि ज्यांना दिसत नाही ते मोबाईलकडून मजकूर वाचून घेतात, त्यांना फोटोत काही ऐकू येत नाही. निदान खाली टाइप करून पण टाका.

वकीलबुवा

मूळ हस्ताक्षर, तारखेसह, जाहीर. पुरावा म्हणून उत्तम.

फडकरी

ताई, हंगाम संपला की बघतो. आत्ता वहीच.

खाडा

वाचले सगळे. मोळीचं अजून आलं नाही.

फडकरी

लिहितोय.

चोरीचा_बळी

पानावर आडवं नाव टाका, नाहीतर खालचा भाग कापून फिरवतील.

कविमन_२२

धागा वरवर वाचला, छान चर्चा. माझंही बजेट दोन हजारच आहे. कवितांसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?